मिरजेचे मिशन
कोल्हापूर संस्थानात 1852 साली रॉयल वाइल्डर या अमेरिकन पाद्र्याने ज्या मिशनचा पाया घातला आणि 1870 साली जे प्रेस्बिटेरियन मंडळाच्या स्वाधीन झाले, त्याची कीर्ती प्रार्थनामंदिराच्या घंटेपेक्षा मिरजेच्या इस्पितळानेच अधिक दूरवर नेली, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली उघडलेल्या या इस्पितळात मोतीबिंदूने अंध झालेला वृद्ध रयत शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटताच प्रथम स्वतःच्या हाताची बोटे न्याहाळी. त्याला धर्मोपदेश कितपत उमगला, हे ईश्वरच जाणे! पुढे वैद्यकीय शिक्षण, कुष्ठरोग्यांसाठी आश्रम आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम अशी कामे वाढत गेली, आणि सरकारदरबारी वानलेसांना ‘सर’ हा किताबही यथाकाल मिळाला.