रायपुरातला मारिओ, पहिल्यांदाच नावासकट

शिगेरू मियामोतो हे नाव १९९५ साली रायपूरच्या तात्यापाऱ्यात कुणाच्या कानावर असण्याचे कारण नव्हते. त्यांनी घडवलेला लाल टोपीवाला मारिओ मात्र तिथे घरचाच होता. छत्तीसगड अजून मध्य प्रदेशात होते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकला की दुपारभर मुलांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी असे, आणि मराठी, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी सगळी पोरे ज्या घरात ‘व्हिडिओ गेम’ असेल त्या घरी जमत. दोन रिमोट, पाच-सहा मुले. एक लाइफ याची, एक लाइफ त्याची. लाइट गेली की आठव्या वर्ल्डपर्यंत पोचलेला डाव पुन्हा पहिल्यापासून.

आता चाळिशीच्या आसपास आलेली ही पिढी तेच खेळ निन्टेन्डोच्या स्विचवर किंवा प्लेस्टेशनवर पुन्हा लावते आहे, बरेचदा स्वतःच्या मुलांना शेजारी बसवून. याला सरसकट आठवणींत रमणे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. रायपूरसारख्या शहरातल्या बहुतेक मुलांची या खेळांशी मूळ रूपात कधी गाठच पडली नव्हती. आज होते आहे ती खरे तर पहिली नीट ओळख, आणि ती तेवढ्याच आस्थेने करून घ्यायला हवी.

त्या काळी हातात काय होते ते आठवून पाहावे. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम हा संच आणला. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी त्याच्या नकला काढल्या आणि त्या भारतात मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी विकल्या गेल्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचा पालिका बाजार आणि तिथून पुढे नागपूर, रायपूर अशी त्यांची वाट. डब्यावर नऊचे आकडे ओळीने छापलेली कॅसेट असे. लाखो खेळांची बतावणी, आत मात्र मोजकेच खेळ, आणि त्यांचेच पाढे: कुठे मारिओ तिसऱ्या वर्ल्डपासून सुरू होई, कुठे कॉन्ट्रात सुरुवातीलाच हवी ती बंदूक मिळे, आणि प्रत्येकाला यादीत वेगळे नाव. बनवणाऱ्या कंपनीचे नाव, सालाचा शिक्का, कधी कधी तर खेळाचे मूळ शीर्षकसुद्धा पुसलेले. सोबत माहितीपुस्तिका नाही. पुस्तकाची पहिली चार पाने आणि लेखकाचे नाव फाडून वाचायला दिले, तर वाचक कादंबरीत रमेलही, पण ती कुणाची हे त्याला कधीच कळणार नाही.

भारतात प्लॅटफॉर्म प्रकारचेच खेळ इतके का रुजले, याचे कारणही त्या कॅसेटमध्येच आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये मावतो. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा घेतो. साध्या चिपवर चालणारे असे लहान खेळ एका कॅसेटमध्ये कोंबणे नकला करणाऱ्यांना सोपे पडे. ‘लेजंड ऑफ झेल्डा’सारख्या लांबलचक खेळात डाव साठवून ठेवायला कॅसेटमध्ये बॅटरी लागे; तो खर्च कोण करणार? शिवाय तिथे इंग्रजी किंवा जपानी वाचावे लागे. मारिओ, कॉन्ट्रा, अ‍ॅडव्हेंचर आयलंड यांना भाषाच लागत नाही. उजवीकडे पळा, उडी मारा, पडू नका. एका दुपारी सुरू होऊन त्याच दुपारी संपणारे हे खेळ इथल्या घरांना, इथल्या विजेला आणि इथल्या खिशाला बरोबर बसले.

ज्यांच्या घरी संच नव्हता त्यांतल्या अनेकांना शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ‘डेंजरस डेव्ह’ भेटला. तो जॉन रोमेरोने लिहिला, आणि त्याची प्रेरणा मारिओच होती. पुढे सप्टेंबर १९९० मध्ये रोमेरोचे सहकारी जॉन कार्मॅक आणि टॉम हॉल यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ची पहिली स्टेज साध्या पीसीवर हुबेहूब चालवून दाखवली, फक्त मारिओच्या जागी डेव्ह उभा केला. तेव्हाच्या पीसीवर पडदा असा सलग सरकवणे अशक्य मानले जाई. निन्टेन्डोने तो प्रयोग स्वीकारला नाही, आणि त्याच मंडळींनी १९९१ मध्ये इड सॉफ्टवेअर काढून पुढे ‘डूम’ बनवला. रायपूरच्या शाळेत लॅबच्या तासाला चोरून डेव्ह खेळणारा मुलगा या सगळ्या घडामोडीच्या अगदी जवळ बसला होता, पण त्याला ते सांगणारे कुणी नव्हते.

नकली कॅसेटवरून पुसलेले नाव नव्या कन्सोलने परत आणले आहे. याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे कोनामीने २०१९ मध्ये काढलेला ‘कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’. त्यात १९८७ चा आर्केडमधला कॉन्ट्रा आहे, अमेरिकेत विकला गेलेला आहे आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये जपानी फॅमिकॉमवर आलेलाही आहे. शेवटच्या दोघांत फरक आहे. जपानी कॅसेटमध्ये कोनामीची जास्तीची चिप होती, त्यामुळे पहिल्या स्टेजच्या जंगलात झाडे हलतात, बर्फाच्या स्टेजमध्ये वादळ घोंगावते, आणि मध्ये मध्ये नकाशा व गोष्ट सांगणारी दृश्ये येतात. अमेरिकी कॅसेटमधून हे सगळे गेले. नकली कॅसेटवर वाढलेल्या कित्येकांना कॉन्ट्राला गोष्ट आहे हेच नव्याने कळते. दोन्ही रूपे पाठोपाठ लावून पाहण्याची सोय जुन्या काळी जगात कुठल्याच मुलाला नव्हती; आज ती पन्नास इंची टीव्हीवर आहे. कॉन्ट्रात तीस लाइफ मिळवून देणारी ती वर-वर-खाली-खालीची बटणे काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी ‘ग्रेडियस’ या खेळासाठी, स्वतःला चाचणी सोपी जावी म्हणून घातली होती. २०२० च्या फेब्रुवारीत ते वारले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर लिहिले. ज्यांनी ती बटणे हजारदा दाबली, त्यांना त्या दिवशी प्रथमच त्या माणसाचे नाव समजले.

आणि मारिओ? १३ सप्टेंबर १९८५ रोजी आलेल्या त्या खेळाची पहिली स्टेज आज सावकाश पाहिली तर थक्क व्हायला होते. पडद्यावर एक अक्षर सूचना नाही. मारिओ डाव्या बाजूला, समोर मोकळी जागा. म्हणजे उजवीकडे जायचे, हे न सांगता समजते. मग गुम्बा नावाचा शत्रू चालत येतो. उडी नाही मारली तर मरण, आणि मेले तरी नुकसान काही सेकंदांचे. पेटीतून निघालेले मशरूम आधी पलीकडे जाते, पाइपला आपटून उलट खेळणाऱ्याकडेच येते. वर विटा असल्याने ते चुकवणे अवघड. अंगाला लागले की मारिओ मोठा होतो, आणि ही वस्तू चांगली असते एवढे कळून चुकते. शेवटाजवळ दोन जिन्यांच्या मध्ये साधी जमीन आहे, तिथे चुकले तरी चालते. लगेच पुढे तशाच जिन्यांच्या मध्ये खोल खड्डा आहे. आधी सराव, मग परीक्षा. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललेला, कारण जागा वाचवायची होती. मियामोतो, त्यांचे सहकारी ताकाशी तेझुका आणि संगीत देणारे कोजी कोन्दो यांनी ४० किलोबाइटमध्ये शिक्षणशास्त्राचा एक धडाच बांधला आहे. लहानपणी हा धडा सगळ्यांनी गिरवला. तो किती बेतून लिहिलेला होता हे मोठेपणीच दिसते.

इथेच नव्या यंत्राची एक सोय आड येते. स्विचच्या ऑनलाइन संग्रहात २०१९ च्या जुलैपासून रिवाइंड आहे. खड्ड्यात पडलात? दोन बटणे दाबून धरा, काळ मागे जातो, मारिओ पुन्हा काठावर उभा. वाटेल तिथे डाव साठवताही येतो. ज्यांच्या हाताला त्रास आहे, ज्यांची नजर मंदावली आहे, त्यांच्यासाठी ही सोय असलीच पाहिजे. पण धडधाकट माणसाने पहिल्याच दिवशी ती वापरू नये. त्या खड्ड्याचे मोल तो ओलांडायला लागलेल्या प्रयत्नांत आहे. तीनच लाइफ असतात म्हणून चौथ्या वर्ल्डमध्ये पोचलेला हात घामेजतो. म्हणून शेजारचा मुलगा श्वास रोखून पाहतो. पडणे फुकट झाले की बत्तीस स्टेज तासाभरात संपतात आणि ‘यात एवढे काय होते’ असा प्रश्न घेऊन नवा मुलगा मोबाइलकडे वळतो. त्याचा दोष नाही. त्याला खेळाऐवजी खेळाचा सारांश दाखवला गेला. सेगाने २०२२ च्या ‘सॉनिक ओरिजिन्स’मध्ये याबाबत समंजसपणा दाखवला: मोजक्या लाइफचा जुना डाव वेगळा, अमर्याद लाइफचा नवा वेगळा, निवड खेळणाऱ्याची.

टीव्हीचाही एक मुद्दा आहे, आणि तो घरच्या घरी सुटतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर बटण दाबले की मारिओ जवळजवळ त्याच क्षणी उडे. आजचे टीव्ही चित्र आधी सजवतात, मग दाखवतात. त्यात काही शतांश सेकंद जातात आणि उडी कायम उशिरा पडते. म्हणून सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सुरू करावा आणि चित्र ताणून पडदाभर करू नये. ते मुळात चौकोनीच आहे.

तक्रारीची जागा वेगळीच आहे. मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ स्विचवर मिळतो तो वर्षाला वीस डॉलरच्या वर्गणीसोबत. वर्गणी थांबली की खेळ बंद. २०२० मध्ये निन्टेन्डोने मारिओचे तीन जुने खेळ एकत्र विकायला काढले आणि ३१ मार्च २०२१ ला विक्री थांबवली. ‘सॉनिक ओरिजिन्स’ येण्यापूर्वी सेगाने जुने सॉनिक बहुतेक दुकानांतून काढून घेतले. विकण्याजोगा, तयार असलेला खेळ ठरवून दुर्मीळ करणे हा ग्राहकावर आणि इतिहासावरही अन्याय आहे. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात कुठेच अधिकृतपणे मिळत नव्हते. ज्यांनी नकली कॅसेट काढल्या त्यांनी नावे पुसली. आता मालक कंपन्या खेळच पुसू देत आहेत.

मराठी वाचकाला हे दुखणे नवे नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच आज उरला आहे. भारतात हजाराहून अधिक मूकपट बनले, हाती राहिले ते मूठभर. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले १९६४ मध्ये, तोवर बहुतेक फिती जळून, विरघळून, चांदीसाठी विकून संपल्या होत्या. पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयालाही द्यावी लागते. जपानचे राष्ट्रीय संसद ग्रंथालय २००० सालापासून पुस्तकांबरोबर व्हिडिओ गेमही जमा करून घेते. आपल्याकडे खेळांसाठी अशी तरतूद नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा केंद्रीय कायदा झाला. त्यात पैशांच्या खेळांवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला उत्तेजन आले, जतनाचा विचार मात्र आला नाही.

तो यायला हवा, कारण आता इथलेही खेळ आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ बनवला: राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली, भावाला सोडवायला भिंतींवरून धावणारी, कठड्यांवर उड्या घेणारी मुलगी. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो जगात सर्वांत आधी निन्टेन्डो स्विचवर आला. स्विचची भारतात अधिकृत विक्रीच नव्हती. पुण्यात घडलेला खेळ त्या दिवशी पुण्यात किंवा रायपुरात खेळायचा तर आयात करणाऱ्याकडून यंत्र घ्यावे लागत होते. उद्या ती कंपनी किंवा तो मंच राहिला नाही तर ‘राजी’ची प्रत कुठे सापडेल, याची जबाबदारी आज कुणावरही नाही. चित्रपट संग्रहालयाने एक दालन याला द्यावे. खर्च फार नाही, गरज तातडीची आहे.

तोवर घराघरांत करण्याजोगे काही आहे. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेने उन्हाळ्यातली एखादी दुपार जुन्या खेळांना द्यावी. मोठ्यांनी मुलांना खेळवावे आणि तो खेळ कुणी, कधी, कसा बनवला हेही सांगावे. माळ्यावर जुना संच किंवा नऊच्या आकड्यांची कॅसेट असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका. नकली असली तरी आपल्याकडे हे खेळ कसे पोचले याचा तोच पुरावा आहे. आणि घरी स्विच आलाच, तर मारिओची पहिली स्टेज मुलांना सूचना न देता खेळू द्या, पडू द्या, आणि रिवाइंडची बटणे निदान पहिल्या सुट्टीत तरी दाखवू नका.