दुसऱ्या खेपेला कोण विचारते?

महिन्याच्या ९ तारखेला कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात डोकावावे. ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’खाली २०१६ पासून या दिवशी गर्भवतींची तपासणी होते. वजनकाटा, रक्तदाबाचा पट्टा, बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या अशी रांग पुढे सरकत असते. तिच्यातल्या अनेकींच्या कडेवर किंवा पदराला धरून पहिले मूल असते. अशा बाईला परिचारिका मागचे सारे विचारते: सिझर झाले होते का, रक्तस्राव जास्त झाला होता का, रक्तदाब वाढला होता का. मागच्या खेपेला जे बिघडले ते याही खेपेला बिघडू शकते, म्हणून हे प्रश्न. मग मागच्या बाळंतपणानंतर झोप उडाली होती का, रडू आवरत नव्हते का, जीव नकोसा झाला होता का, हे कुणीच का विचारत नाही? मनाचा आजारही उलटतोच, आणि रक्तदाबासारखा तो पट्टा गुंडाळून मोजता येत नाही. विचारल्याशिवाय तो कळणारच नाही.

परिस्थिती किती गंभीर आहे, हे आपल्या शेजारीच दिसून आले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील मातांवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात होत्या. त्यांतल्या ७८ टक्के जणींचे मन गरोदरपणातच ढासळलेले होते आणि सहा महिने उलटले तरी निम्म्याहून अधिक जणी सावरल्या नव्हत्या. म्हणजे बाळ जन्मण्याआधी कित्येक आठवडे हा आजार दारात उभा होता. ज्या काळात त्या तपासणीला येत होत्या, नेमक्या त्याच काळात. पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही कारणे तर होतीच; पण जन्मलेले मूल मुलगी आहे की मुलगा, यावरही आईचे आजारपण ठरत होते.

पहिली मुलगी असलेल्या घरात दुसरे दिवस राहतात, तेव्हा त्या बाईच्या डोक्यावर काय असते हे महाराष्ट्राला सांगायला नको. नऊ महिने घरातले सगळे तिच्या पोटाकडे बघत असतात. दुसरी मुलगी झाली तर ‘मातृ वंदना’ योजनेतून सहा हजार रुपये मिळतात, हे चांगलेच आहे. पण त्या बातमीनंतर घरात जी शांतता पसरते, तिच्यात ती बाई कशी दिवस काढते, याची विचारपूस करणारी योजना नाही.

एरवीही दुसरी खेप एकाकीच असते. पहिले बाळंतपण माहेरी, डोहाळजेवण, ओटी, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, सव्वा महिना अंथरुणावर. दुसऱ्या वेळी बहुतेक घरांत यातले फारसे काही उरत नाही. थोरल्याची शाळा बुडते म्हणून ती सासरीच राहते. सकाळी डबा, दुपारी थोरल्याचा रुसवा, रात्री दोघांची रड. थकले म्हणाली तर उत्तर तयार असते: ‘तू काय पहिलटकरीण आहेस का?’ पहिल्या वेळी जिला काळोख दिसला होता, तिला आता तो पुन्हा येणार याची धास्ती असते आणि ती सांगायलाही लाज वाटते. या लाजेला आपण सगळे जबाबदार आहोत.

सर्वांत घातक प्रकार बाळंतपणानंतरच्या तीव्र मनोविकाराचा. दर हजार बाळंतपणांत एखाद-दोन जणींना तो होतो. पण मागे एकदा होऊन गेला असेल, तर पुढच्या खेपेला तो उलटण्याची शक्यता साधारण तिघींत एकीला असते. बाळ झोपले तरी आई झोपत नाही, असंबद्ध बोलते, बाळाविषयीच संशय घेते. ही तातडीने दवाखान्यात नेण्याची वेळ असते. घरचे मात्र ‘बाहेरचे काहीतरी झाले’ म्हणून देवऋषी गाठतात आणि मोलाचे दिवस जातात. दुसरीकडे, दिवस राहिल्याचे कळताच घरच्यांच्या सांगण्यावरून मनाच्या गोळ्या एकदम बंद केल्या जातात. काही औषधे गर्भाला अपायकारक आहेत, हे खरे. पण कोणती बदलायची, कोणती चालू ठेवायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे. शक्यतो दिवस राहण्याआधीच.

बाळंतपणानंतर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्यांच्या तपासणी-अर्जात आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का, असा प्रश्न आहे. पण त्या टोकाला पोचण्याआधीची, न रडता गप्प झालेली आई त्या प्रश्नात सापडत नाही. आणि ४२ दिवसांनंतर तर मोजणीच थांबते. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२०च्या पाहणीत लाखामागे ३३ इतका खाली आला. त्याचा अभिमान जरूर असावा. पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात विहिरीत उडी घेतलेली आई त्या ३३ मध्ये नसते. ब्रिटनमध्ये वर्षभरापर्यंतचे मृत्यू तपासले जातात; सहा आठवड्यांनंतरच्या काळात आत्महत्या हेच मातांच्या मृत्यूचे प्रमुख थेट कारण म्हणून समोर आले. आपण ते तपासतच नाही, म्हणून आपल्याकडे ते ‘घरगुती कारण’ ठरते.

उपाय अवघड नाहीत. नैराश्य ओळखणारी, दहा साध्या प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरात आहे. गोव्यात प्रशिक्षण घेतलेल्या साध्यासुध्या ‘सखीं’नी घरोघरी जाऊन नैराश्यातल्या गर्भवतींना आधार दिल्याचा प्रयोग झाला आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार होतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही तीन वर्षांखालील मुलाला सहसा आईपासून तोडू नये, असे सांगतो. महाराष्ट्रातल्या किती जिल्हा रुग्णालयांत तशी एक खाट आहे, हे आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगावे.

तोवर एक काम लगेच होऊ शकते. तपासणीच्या कार्डावर मागच्या बाळंतपणातल्या मनःस्थितीची एक ओळ घालावी आणि ‘हो’ म्हणणारीला जोखमीच्या गर्भवतींत धरून जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक त्याच कार्डावर ठळक छापावा. हे काम आशाताईंच्या माथी फुकट मारू नये; त्याचा मोबदला ठरवून वेळेवर द्यावा. आरोग्य विभागाने हे परिपत्रक पुढच्या ९ तारखेच्या आत काढावे.