दोष विमानतळाचा, भुर्दंड प्रवाशाला

पेण किंवा रोह्याच्या माणसाला विमान गाठावयाचे म्हणजे मुंबईचा लांबचा पल्ला आधी पार करावा लागे. 25 डिसेंबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि विमानतळ रायगड जिल्ह्यातच, पनवेलच्या वेशीवर आला. धाटावच्या कारखान्यात काम शिकून आखातात नोकरीसाठी निघालेला तरुण असो की परप्रांतात शिकणारी पेणची विद्यार्थिनी असो, दोघांचीही मोठी सोय झाली. परंतु सोय जवळ आली म्हणजे हक्कही जवळ आला, असे होत नाही. विमानतळाच्याच दोषामुळे उड्डाण रद्द झाले, तर भरपाई कोणाकडे मागावयाची, या साध्या प्रश्नाला देशाच्या नियमांत सरळ उत्तर नाही.

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. 1 डिसेंबर 2022 रोजी मुंबई विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलवरील संगणकयंत्रणा बंद पडली. शहरात चाललेल्या कामात केबल तुटल्याचे कारण देण्यात आले. प्रवासी मात्र लांबच लांब रांगांत ताटकळले. फेब्रुवारी 2024 मध्ये गर्दीच्या तासांत मुंबईची धावपट्टी अपुरी पडत असल्याचे केंद्र सरकारनेच मान्य केले आणि ताशी 46 ऐवजी 44 विमानांची मर्यादा घातली. त्याच वर्षी 28 जून रोजी दिल्लीच्या पहिल्या टर्मिनलचे छत कोसळून एकाचा बळी गेला आणि तेथील उड्डाणे बंद ठेवावी लागली. या तिन्ही प्रसंगी विमाने सज्ज होती, वैमानिक हजर होते. कमी पडला तो विमानतळ.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2010 साली प्रवाशांच्या सवलतींची नियमावली केली व 2016 मध्ये तीत सुधारणा केली. पूर्वसूचनेवाचून उड्डाण रद्द झाल्यास प्रवासाच्या कालावधीनुसार 5 हजार, साडेसात हजार किंवा 10 हजार रुपये, अथवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देण्याचे बंधन तिने विमान कंपनीवर घातले. पण त्याच नियमावलीत एक पळवाटही आहे. पूर, दंगल, संप, हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण आणि 'कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील अन्य कारणे' यांमुळे खोळंबा झाल्यास भरपाई देण्याचे बंधन राहत नाही. विमानतळाचा बिघाड या शेवटच्या शब्दांत सहज सामावतो. कंपनी विमानतळाकडे बोट दाखविते. विमानतळ म्हणतो, तिकीट आम्ही विकलेले नाही. दोघांच्या मध्ये प्रवासी रिकाम्या हाताने उभा राहतो.

विमानतळाचा हा युक्तिवाद टिकणारा नाही. तिकिटाच्या रकमेत विमानतळ वापरण्याचे शुल्क प्रवाशाकडूनच वसूल होते. मोठ्या विमानतळांचे हे शुल्क ठरविणारे आर्थिक नियामक प्राधिकरण 2008 च्या कायद्याने स्थापन झाले आणि सेवेचा दर्जा, सातत्य व विश्वासार्हता यांवर देखरेख ठेवणे हेही त्याच कायद्याने त्याच्याकडे सोपविले. पैसे घेताना जो प्रवाशाला ओळखतो, त्याला नुकसान झाल्यावर अनोळखी होता येणार नाही. नवी मुंबईच्या विमानतळ कंपनीत तर सिडकोचा 26 टक्के हिस्सा आहे. म्हणजे तेथे सार्वजनिक उत्तरदायित्वही आलेच.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय येथे मार्गदर्शक ठरावेत. धुक्यामुळे रखडलेल्या विमानाच्या प्रकरणात 2011 मध्ये न्यायालयाने सांगितले की, विलंब आटोक्याबाहेरचा असला तरी अडकलेल्या प्रवाशाच्या किमान सुखसोयींची जबाबदारी कंपनीला टाळता येत नाही. 2021 मध्ये रेल्वेच्या विलंबामुळे एका प्रवाशाचे श्रीनगरचे विमान चुकले, तेव्हा विलंब अपरिहार्य होता हे सिद्ध करण्याचा भार न्यायालयाने रेल्वेवरच टाकला व भरपाई कायम केली. जो न्याय रेल्वेला, तो विमानतळाला का नसावा?

युरोपातील 2004 चा नियमही भरपाईसाठी विमान कंपनीलाच जबाबदार धरतो आणि असाधारण परिस्थितीत तिला सूटही देतो. मात्र भरपाई दिल्यावर दोषी त्रयस्थाकडून ती रक्कम वसूल करण्याचा कंपनीचा हक्क त्यात मान्य केला आहे. भारताने याच्या एक पाऊल पुढे जावे. विमानतळाचा बिघाड 'अन्य कारणां'तून वगळावा; कंपनीने प्रवाशाची भरपाई आधी चुकती करावी आणि मग ती विमानतळाकडून वसूल करावी. यामुळे भाडे वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. पण आज तो खर्च नाहीसा झालेला नाही. तो केवळ सर्वांत दुबळ्या खांद्यावर पडला आहे. मुंबईचा प्रवासी रिक्षाने घरी परतेल. रोह्याच्या प्रवाशाला रात्री उशिरा गाडी मिळेलच असे नाही, आणि आखातातील मालक हजेरीची तारीख पुढे ढकलेलच असेही नाही.

नियम बदलेपर्यंत प्रवाशाने हात बांधून बसण्याचे कारण नाही. तिकीट, रद्द झाल्याचा संदेश, जेवणखाण व वाहनखर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि खोळंब्याचे कारण लेखी मागावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. पेण-रोह्याच्या ग्राहकासाठी जिल्हा आयोग अलिबागला आहे आणि सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्कही नाही. तक्रारीत विमान कंपनीबरोबर विमानतळालाही प्रतिवादी करावे. दोष कोणाचा, हे त्या दोघांनी आयोगापुढे ठरवावे; त्यांचे भांडण मिटेपर्यंत प्रवाशाने उंबरठ्यावर तिष्ठत राहावे, हा न्याय नव्हे.