जुन्या गाडीचा नवा मालक

इचलकरंजीच्या कामगार वस्तीत एखाद्या दारी मोटारसायकल येते, तेव्हा ती नवी की वापरलेली, हा प्रश्न पहिल्या दिवशी कोणी विचारीत नाही. घरची बाई गाडीला हळदकुंकू लावते, हँडलला झेंडूचा हार पडतो, नारळ फुटतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. दुसऱ्याच्या यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा माणूस त्या दिवशी आयुष्यात प्रथमच एका यंत्राचा मालक होतो. हे दृश्य आता इतके परिचित झाले आहे, की त्यावरून श्रमिकांना बरे दिवस आल्याचा निष्कर्ष काढण्याची अनेकांना घाई होते. तो निष्कर्ष तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम त्या आनंदाविषयी. त्याची चेष्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिरढोण, टाकवडे, रेंदाळ अशा गावांतून कामाला येणाऱ्या आणि रात्रपाळी सुटल्यावर सायकल रेटीत परतणाऱ्या कामगाराला पहिल्याच आठवड्यात झोपेचा काही वेळ परत मिळतो. आजारी मुलाला अपरात्री दवाखान्यात नेण्यासाठी शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागत नाही. सुटीच्या दिवशी कारभारणीला मागे बसवून तो नरसोबाच्या वाडीला जाऊन येतो. श्रमिकाच्या सुखाचे समाजवादाला वावडे कधीच नव्हते आणि असूही नये.

परंतु दुसऱ्या आठवड्यापासून हिशेब सुरू होतो. घर ते माग हे अंतर बारा किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन रोजचे चोवीस आणि महिन्याच्या सव्वीस दिवसांचे सहाशे चोवीस किलोमीटर होतात. जुनी गाडी लिटरला पन्नास किलोमीटर चालली असे मानले, तरी साडेबारा लिटर पेट्रोल लागते. २०२१ साली पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. म्हणजे केवळ कामावर पोहोचण्याचा खर्च महिन्याला साडेबाराशेच्या पुढे जातो. कर्जाचा हप्ता, विमा, ऑइल, घासलेले टायर आणि आधीच्या मालकाने झिजवून ठेवलेली चेन हे सारे वेगळेच. यंत्रमाग कामगाराची मजुरी मात्र विणलेल्या मीटरवर आणि पिकावर पैशांत मोजली जाते. वीज गेली, बीम संपले किंवा बाजारात मंदी आली, की मजुरी थांबते; हप्ता थांबत नाही.

वापरलेल्या गाडीच्या व्यवहाराला अर्थशास्त्रातही मानाचे स्थान आहे. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याचे म्हणणे सरळ होते : गाडीचे दुखणे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, आणि जेथे माहिती अशी विषम वाटलेली असते, तेथे बाजार न्याय्य किंमत ठरवू शकत नाही. ज्याच्याकडे पुन्हा दुरुस्ती करण्याची ऐपत नाही, त्याच्यावरच या अज्ञानाचा सर्वाधिक भार पडतो.

मालकीचेही तसेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गाडी घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत हस्तांतर कळवावयाचे असते. प्रत्यक्षात मध्यस्थाच्या भरवशावर कोऱ्या फॉर्मवर सह्या होतात आणि गाडी तीन-तीन हातांतून फिरते. नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. म्हणजे पेढे वाटणारा मालक कागदोपत्री मालक नसतो, आणि गाडी विकून मोकळा झालेला गरीब मनुष्य अपघाताच्या भरपाईतून मोकळा नसतो.

जुने यंत्र घेऊन मालक होण्याचा हा अनुभव इचलकरंजीला नवा नाही. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या काळात, १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा गावी आले. कर्ज काढून चार जुने माग मांडणाऱ्यालाही मालक म्हटले गेले. पण त्यातील खर्चीवाल्याची स्थिती काय? सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, नफ्याचा मोठा वाटा व्यापाऱ्याचा. मोडतोड, वीजबिल आणि मंदी तेवढी याची. मालकी हे येथे पुष्कळदा जोखीम खाली ढकलण्याचे दुसरे नाव ठरले आहे. मोटारसायकलीच्या बाबतीत तेच घडते आहे. कामगाराला कामाच्या ठिकाणी पोहोचविण्याची समाजाची आणि मालकवर्गाची जबाबदारी हप्त्याच्या रूपाने कामगाराच्याच खिशात गेली आहे.

ही जबाबदारी पेलण्याचे साधन म्हणजे एस.टी. इचलकरंजीला रेल्वेस्थानक नाही. जवळचे ते हातकणंगल्याचे. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळलेल्या एस.टी. संपाने सार्वजनिक वाहतुकीवाचून गरिबाचे काय होते, ते साऱ्या महाराष्ट्राला दाखविले. २०२३ च्या मार्चपासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे झाले, हे स्वागतार्हच आहे. पण पाळी सुटण्याच्या वेळी गाडीच नसेल, तर सवलत कशावर घ्यावयाची? दारातली मोटारसायकल बहुधा पुरुषाच्या हाती असते. कांड्या भरणारी त्याची बायको चालतच जाते.

२०१३ साली येथील यंत्रमाग कामगारांनी मजुरीवाढीसाठी प्रदीर्घ संप केला. त्या लढ्याचे पुढले पाऊल असे असावे, की मजुरी ठरविताना कामावर जाण्यायेण्याचा खर्च श्रमाच्या मूल्याचा भाग मानला जावा. २०२२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराने आणि एस.टी.ने पाळ्यांच्या वेळा धरून गाड्या सोडाव्यात. वापरलेल्या वाहनाची अल्प दरात तपासणी करणारे सार्वजनिक केंद्र असावे आणि नाव बदलल्यावाचून पैसे मध्यस्थाच्या हाती पडू नयेत. यांपैकी एकही मागणी आकाशाला गवसणी घालणारी नाही.

मोटारसायकल कामगाराने जरूर घ्यावी. ती हौसेने घ्यावी, नाइलाजाने नव्हे. ज्या दिवशी गाडी दारात उभी ठेवून तो निश्चिंतपणे एस.टी.ने पाळीवर जाऊ शकेल, त्या दिवशी त्याला खऱ्या अर्थाने मालक म्हणता येईल.