मायबोली हरवते ती घरातच!

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले सुटीत आजोळी येतात. आजीचे बोलणे त्यांना बहुधा समजते. परंतु उत्तर येते ते इंग्रजीत. परक्या मुलखात वाढलेली मुले भाषा विसरणारच, असे म्हणून आपण स्वतःचे समाधान करून घेतो. हे समाधान फसवे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मूल पहिली भाषा शाळेत शिकत नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जेनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवून दिले की, इंग्रजीभाषी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या तान्ह्या मुलांनाही हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील भेद कळतो; वर्षाची होता होता बहुतेकांची ही शक्ती मावळते. जी भाषा कानी पडते, तिच्यासाठीच कान घडत जातो. शिवाय, मिळविलेली भाषा टिकतेच असेही नाही. वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षी फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काही कोरियन मुलांना प्रौढपणी कोरियन वाक्ये ओळखताही आली नाहीत, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

त्या मुलांशी कोरियन बोलणारे कोणी उरलेच नव्हते. आपल्या मुलांचे आईबाप तर घरातच आहेत! पण मूल शाळेत मागे पडेल या धास्तीने तेच प्रथम मराठी सोडतात. ही धास्ती निराधार होय. घरी एक आणि बाहेर दुसरी भाषा बोलत वाढलेली कोट्यवधी मुले आपल्याच देशात आहेत. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, त्यांचे कार्य स्तुत्यच आहे. तथापि आठवड्यातील एखाद-दोन तासांचा वर्ग रोजच्या जेवणाच्या वेळच्या गप्पांची जागा घेऊ शकत नाही. भाषेचा अभिमान सभेत व्यक्त करता येतो; भाषा मात्र मुलाशी बोलावीच लागते.

केवळ समुद्रापार गेलेल्यांस दोष देऊन आम्हांसही मोकळे होता येणार नाही. मुलाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलण्यात भूषण मानणारी घरे पुण्या-मुंबईतही थोडी नाहीत, आणि त्यांनी तर देशही सोडलेला नाही. नातवाला आजीचे मन कळावयाचे असेल, तर तिची भाषा त्याच्या कानी रोज पडली पाहिजे. हे काम कोणत्याही सरकारला किंवा संमेलनाला आईबापांच्या वतीने करता येणार नाही.