टीटीचा दंड आणि हरवलेली तारीख

दिव्यात राहणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदा तरी पत्रा लागतोच. चाळीच्या जिन्याचा, दुकानाच्या शटरचा, नाहीतर अर्धवट बांधकामाभोवती ठोकलेल्या कुंपणाचा. कुणाच्या पायात खिळा जातो, कुणी गर्दीत लोकलमधून उतरताना गुडघा फोडून घेतो. मग आजूबाजूचे सगळे एका सुरात म्हणतात, "आधी टीटी घेऊन ये!" जखम धुतली का, हे मात्र कुणी विचारत नाही. (साबण आणि भरपूर वाहतं पाणी हा पहिला उपचार. पण त्याला सुईचा मान नाही.)

टीटी घेतली की दुसऱ्या दिवशी दंड धरतो. शर्टाची बाही चढवताना तोंडातून "आई गं" निघतं, त्या कुशीवर झोपता येत नाही. डिसेंबर २०१६ पासून दिव्याला फास्ट लोकल थांबते खरी, पण गाडी थांबते म्हणजे आत शिरता येतं असं नाही, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सकाळच्या गाडीत दांडा धरायला हात वर केला की सुई नेमकी कुठे टोचली होती ते बरोबर आठवतं. ज्याचं पोट हातावर आहे, त्याच्यासाठी दोन दिवस दुखणारा दंड म्हणजे दोन दिवसांचा खाडा. म्हणून "हॅ, एवढंसं तर दुखतंय" असं म्हणून हा विषय उडवून लावणं मला पटत नाही.

आणि "बघा, इंजेक्शन बाधलं" म्हणणारे तर त्याहून पटत नाहीत.

आधी हे दुखतं का ते बघू. टीटी म्हणजे टिटॅनस टॉक्सॉइड. धनुर्वाताचा जंतू जे विष तयार करतो, ते फॉर्मॅलिनने निकामी करून ही लस बनते. त्यात जिवंत जंतू नसतो, त्यामुळे लसीने धनुर्वात होत नाही. पण नुसतं निकामी विष टोचलं तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. म्हणून त्यात अॅल्युमिनियमचा क्षार घालतात. दाढी झाल्यावर न्हावी गालाला तुरटी फिरवतो ना, त्याच तुरटीच्या कुळातला. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी १९२६ साली घटसर्पाच्या लसीत तुरटी वापरून पाहिली आणि लसीचा जोर वाढतो हे दाखवलं. हा क्षार दंडाच्या स्नायूत थोडी आग लावतो म्हणा ना! त्या आगीकडे पांढऱ्या पेशी धावतात, तिथे लाली येते, सूज येते, कधी हाताला गाठही लागते. अर्धा मिलिलिटर औषधासाठी एवढी धावपळ. पण ती व्हावी म्हणूनच तर सुई टोचलेली असते. साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणं सर्वांत जास्त असतं, मग उतरतं. गाठ मात्र काही वेळा थोडे आठवडे रेंगाळते आणि आपोआप विरते. (दंड दुखला नाही म्हणजे औषध पाण्यासारखं होतं, असंही समजू नये.)

आता हे सगळं सुई टोचण्याआधी कुणी सांगतं का? पैसे द्या, बाही वर करा, टुच्च, पुढचा पेशंट. एवढ्यात काम संपतं. मग रात्री दंड ठणकायला लागला की माणूस घाबरतो. शेजारची मंडळी आपापले उपाय सांगतात. कुणी चोळायला लावतं, कुणी गरम विटेने शेकायला लावतं. खरं तर चोळू नये. गार पाण्याची घडी ठेवावी, हात गळ्यात न बांधता हलता ठेवावा, फार ठणकलं तर पॅरासिटामॉल घ्यावी. सुई शक्यतो ज्या हाताने काम कमी करता त्या दंडात घ्यावी. अर्ध्या मिनिटात सांगून होतं हे.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या गल्लीत ग्रिलचं काम करणारा एक मुलगा आहे. त्याचा रोजचा संबंध पत्र्याशी आणि लोखंडाशी, त्यामुळे दर काही महिन्यांनी काहीतरी लागतंच. गेल्या दोन वर्षांत त्याने चार वेळा टीटी घेतली. चारही वेळा वेगळा दवाखाना, आणि आधीची कधी घेतली हे त्याला एकाही ठिकाणी विचारलं गेलं नाही. चौथ्या वेळी संध्याकाळी सुई घेतली आणि झोपायच्या आत खांद्यापासून कोपरापर्यंत हात सुजून टम्म झाला. तीन दिवस त्याने वेल्डिंगला हात लावला नाही. तीन दिवसांची मजुरी गेली.

डॉक्टर लोकांना हा प्रकार नवा नाही. धनुर्वाताच्या विषाविरुद्धची प्रतिद्रव्यं रक्तात आधीच भरपूर असताना पुन्हा तीच लस टोचली, तर टोचल्या जागी दोघांची गाठ पडते आणि काही तासांतच मोठी, दुखरी सूज येते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९६७ साली जेफ्री एडसॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिटॅनस बूस्टरच्या अतिरेकावरच लेख लिहिला होता. म्हणजे ही गोष्ट माहीत होऊन अर्धशतक उलटून गेलं. आमच्या गल्लीपर्यंत ती अजून पोचली नाही.

गल्लीपर्यंत पोचलंय ते वेगळंच. "टीटी सहा महिने चालते." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि इतक्या ठामपणे, की ते कुठल्यातरी सरकारी फलकावर लिहिलेलं असावं असंच वाटतं. पण ते खरं नाही. ज्याचे सुरुवातीचे किमान तीन डोस पूर्ण झालेत, त्याला स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसला दहा वर्षं झाली असतील तरच बूस्टर लागतो. जखम मातीची, शेणाची, खोल किंवा चिरडलेली असेल तर ही मुदत पाच वर्षं. पाच वर्षांच्या आतला डोस असेल, तर अशा माणसाला पुन्हा टोचायची गरज नसते. त्या मुलाच्या चार सुयांपैकी निदान शेवटच्या तीन वाचवता आल्या असत्या असं मला वाटतं. पण त्यासाठी दवाखान्यातल्या माणसाला आधीची तारीख कळायला हवी होती. तारीख कुठेच नव्हती. मग डॉक्टर काय करणार? न देऊन पस्तावण्यापेक्षा दिलेली बरी, म्हणून देतो.

आता याची दुसरी बाजू. त्या मुलाचा सुजलेला हात अख्ख्या गल्लीने पाहिला. त्याच सुमाराला डोंबिवलीची माझी आत्या आमच्याकडे आली होती. वय सत्तरच्या पुढे. तुळशीच्या कुंडीत शेणखत घालताना कुंडीचा फुटका कंगोरा तिच्या तळहातात चांगला खोल घुसला. सुईचं नाव काढल्याबरोबर तिने त्या मुलाच्या हाताचा दाखला दिला आणि हळद दाबून बसली. विचारलं, "आत्या, तू आधी कधी घेतली होतीस?" तर म्हणे, "कधीच नाही." मुलांच्या वेळी घेतली असशील, म्हटलं. बाळंतपणं गावी, घरीच झाली होती. म्हणजे जिला खरी गरज होती ती नको म्हणत होती, आणि ज्याला गरज नव्हती तो घेत सुटला होता. दोघांच्याही हातात कागद नव्हता.

खरा धोका आत्याच्या बाजूला होता. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजाणू होऊन वर्षानुवर्षं पडून राहतो. गंजाचा त्याच्याशी थेट संबंध नाही. खिळा नवा कोरा असला तरी तो मातीत पडलेला असेल तर पुरे. शिवाय हा रोग एकाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे सगळ्या गल्लीने लस घेतली तरी न घेतलेल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. एवढंच काय, धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते. हे विष इतक्या सूक्ष्म प्रमाणात माणसाला आडवं करतं, की तेवढ्याने शरीर त्याची ओळखही धरत नाही.

आमच्या पिढीने धनुर्वात फारसा पाहिला नाही. आधीच्या पिढीने पाहिला होता. दातखीळ बसायची, पाठ धनुष्यासारखी मागे वाकायची, दार आपटलं किंवा दिवा लागला तरी झटका यायचा. म्हणून असा पेशंट शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवायचे. मुंबईत डॉ. जे. सी. पटेल यांनी या रोगावर वर्षानुवर्षं काम केलं. १९६३ साली धनुर्वातावरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली होती. पटेल आणि मेहता यांनी १९९९ साली छापलेला अभ्यास तर ८,६९७ रुग्णांचा आहे. या आकड्यातली माणसं म्हणजे कुणाची तरी आत्याच की. पुढे गरोदर बायकांना टीटी द्यायची मोहीम घरोघर पोचली, दवाखान्यात बाळंतपणं वाढली, आणि २०१५ साली भारताने माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन केल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. किती तरी बायकांनी दंड दुखवून घेऊन हे काम केलंय. पुरुषांना मात्र सोळाव्या वर्षाच्या डोसनंतर पत्रा लागेपर्यंत कुणी विचारत नाही.

जुन्या लोकांच्या मनातली भीती अगदीच बिनबुडाची आहे असंही नाही. पूर्वी जखम झाली की घोड्याच्या रक्तातून काढलेलं सिरम टोचत. पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट १९६६ साली निघाली ती अशाच सिरमच्या कामापासून. त्या सिरमने काहींच्या अंगावर गांधी उठायच्या, आठवड्याभराने ताप यायचा, सांधे धरायचे. "इंजेक्शन बाधलं" ही भाषा तिथून आली असेल तर नवल नाही. आजची लस ते सिरम नव्हे. पण हे आत्याला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं ना?

आम्ही सांगितलं. तिला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखम धुतली, "आधी एकही डोस नाही" हे कळल्यावर लसीबरोबर दुसऱ्या जागी इम्युनोग्लोब्युलिनही दिलं. कारण पहिल्याच डोसने लगेच संरक्षण मिळत नाही. आणि महिन्याने दुसरा, त्यानंतर सहा महिन्यांनी तिसरा डोस घ्यायला सांगितलं. दोन दिवस दंड दुखेल हेही त्यांनी आधीच सांगितलं. दंड दुखलाच. आत्या फोनवर सगळ्यांना सांगत होती, "डॉक्टर म्हणाले होते दुखेल." तक्रारीचा सूर नव्हता, झाला तर थोडा अभिमानच होता.

हेच आपण २०२१ साली सगळ्यांनी अनुभवलं. कोविडच्या लसीने लाखो लोकांचे दंड दुखले, ताप आले. पण दुखणार हे आधी सांगितलेलं होतं, अर्धा तास बसवून ठेवत होते, आणि मोबाईलवर तारखेसकट प्रमाणपत्र येत होतं. मग पत्रा लागल्यावर घेतलेल्या सुईची तारीख चिठ्ठीवर का लिहू नये? दवाखान्यांनी लिहून द्यावी, आणि नाही दिली तर आपण मागून घ्यावी. कुठली लस (सरकारी लसीकरणात आता टीटीच्या जागी टीडी आहे, त्यात घटसर्पाचाही अंश असतो), कुठली तारीख, कुठला दंड, किती सूज आली. चार ओळी. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायचा.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. सुईनंतर लगेच श्वास लागला, तोंड-ओठ सुजले किंवा चक्कर आली, तर तिथेच सांगायचं. दोन-तीन दिवसांनी उतरायच्या ऐवजी सूज आणि लाली वाढत गेली, ताप चढला, पू झाला, किंवा आठवडे उलटूनही हात वर होत नसेल, तर "टीटीने दुखतंच" म्हणून घरी बसायचं नाही. आणि हा ब्लॉग वाचून बूस्टर घ्यायचा की नाही ते परस्पर ठरवायचंही नाही. तारीख घेऊन डॉक्टरांकडे जायचं, ठरवायचं त्यांनी.

असो. आमच्या घरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर मी आता सगळ्यांच्या तारखा लिहायला घेतल्यात. पाच माणसांपैकी दोघांच्याच सापडल्या. नाशिकच्या काकांना आणि पनवेलच्या ताईला विचारलं, तर दोघेही म्हणाले, "झाली असतील दोन-चार वर्षं." तुमच्या घरी किती जणांना शेवटची तारीख आठवते ते बघा, आणि जमलं तर खाली लिहा.