दूरचित्रवाणीची परिभाषा आणि आपले सोवळे

'एलईडी', 'फोर-के', 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' ही दुकानदारांची भाषा. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्याशी काय कर्तव्य, असे एक सोवळे आपल्या साहित्यविभागांत पाळले जाते. आम्हांला ते मान्य नाही. शब्द आणि अर्थ यांचा व्यवहार तपासणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी घरोघरी रुळलेल्या शब्दांपुढे मौन धरावे, याला आम्ही पलायनच म्हणतो.

'एलईडी टीव्ही' हेच नाव घ्या. या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक घरगुती संचांत चित्र घडवणारा पडदा द्रव-स्फटिकांचा, म्हणजे एलसीडीच असतो. एलईडी हे त्यामागचे दिवे. दिव्यांचे नाव पडद्याला मिळाले, ही उघड लक्षणा होय. वर्गात 'गंगेवरील वाडी' समजावून देणाऱ्यांना ती ओळखू येऊ नये? 'ओएलईडी'त मात्र प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो. तेथे नाव वाच्यार्थानेच लागू पडते.

संख्यांचेही तसेच. '१०८०' हा आकडा उंचीतील रेषांचा. 'फोर-के'पाशी येताच मोजपट्टी आडवी होते आणि रुंदीतील ३८४० बिंदू 'चार हजार' म्हणून मिरवू लागतात. उंची असते २१६०, म्हणजे पूर्वीच्या दुप्पट. एकूण बिंदू चौपट होतात हे खरे. पण माप बदलल्याचे ग्राहकाला कोणी सांगत नाही.

आता वर्गात या. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) जवळपास ४:३ प्रमाणाच्या चौकटीत चित्रित झालेला आहे. आजचा पडदा १६:९. कडेच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणले, की प्रत्येक चेहरा एकतृतीयांशाने रुंद होतो. त्याऐवजी 'झूम' केले, तर वरखालून मिळून चित्राचा चौथा हिस्सा कापला जातो. चार चरणांच्या अभंगाचा एक चरण गाळून शिकवण्यासारखेच हे. शिवाय पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चौकटीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू असतात. फोर-के पडद्यावर जागा सुमारे ८३ लाख. रिकाम्या जागा संच शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरतो. पोथीत असे घडले, की आपण त्याला प्रक्षेप म्हणतो आणि पाठचिकित्सेला बसतो.

'आशय महत्त्वाचा, पडदा गौण' हा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. मग संहितेच्या प्रतींची तुलना तरी कशासाठी करायची? चौकट हा चित्रपटाचा पाठच आहे. तो बिघडला, की त्यावर लिहिलेली समीक्षा दुसऱ्याच कृतीची ठरते.

म्हणून आमचा आग्रह साधा आहे. चित्रपट अभ्यासाला लावताना प्रत कोणती, तिच्या चौकटीचे प्रमाण काय आणि संच कोणत्या मांडणीवर ठेवला आहे, हे तीन प्रश्न पडदा उजळण्यापूर्वी विचारले जावेत. विद्यार्थ्यांनी विचारण्याआधी ते शिक्षकांनी विचारावेत.